रंगूनचें सेक्रेटरिएट

ब्रह्मदेशास जाणारा प्रवासी श्वेडगोन पॅगोडा पाहतो आणि कृतार्थ होतो. त्या देशाचें अर्वाचीन चरित्र समजून घेण्याची ज्यास इच्छा असेल त्यानें मात्र रंगून शहराच्या (हल्लीं त्यास यांगून म्हणतात) मध्यभागीं असलेलें जुनें सेक्रेटरिएट पाहिल्यावांचून परत फिरूं नये. प्रवासी महाराष्ट्रीय असल्यास तेथें त्यास थोडें अवघडल्यासारखें होईल; आम्हांस झालें.

इमारत मोठी, इतकी मोठी कीं सबंध दृष्टींत मावत नाहीं. लाल-पिवळ्या विटांच्या भिंती, कमानींच्या रांगा, ओतीव लोखंडाचे जिने, आणि सभोंवार सुमारें सोळा एकरांचें आवार. हेन्री हॉइन-फॉक्स यानें तिचा आराखडा केला. काम १८८९ सालीं सुरू झालें, मधला भाग १९०२ त व दोन्ही बगलांचे भाग १९०५ त पुरे झाले. सौंदर्याच्या दृष्टीनें तिची वाखाणणी करण्यास आम्ही तयार नाहीं. पाहणाऱ्यास दडपून टाकावें हा बांधणाराचा हेतु दिसतो, व तो साधला आहे.

यांतील तारखा मात्र लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. १८८५ च्या नोव्हेंबरांत मंडालेचा थिबा राजा पदच्युत झाला. पुढल्या एप्रिलांत त्यास आमच्या रत्नागिरीस आणून ठेविलें, आणि तेथेंच १९१६ सालीं तो वारला. राजा हिंदुस्थानांत गेल्यावर तीन वर्षांनीं हिंदुस्थान सरकारच्या एका प्रांताची ही कचेरी रंगुनांत उभी राहूं लागली. १९३७ च्या एप्रिलपर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच प्रांत होता. मंडाले म्हणतांच आम्हांस १९०८ ते १९१४ पर्यंतचा लोकमान्यांचा तुरुंगवास आठवतो, आणि त्या भूमीवर आपणही सोसलें असें आपण म्हणतों. तें खरेंच आहे. परंतु ब्रह्मी माणसास हिंदी माणूस भेटला तो बहुधा कारकून, शिपाई किंवा सावकार म्हणून. १९३१ च्या खानेसुमारींत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी होती! परक्या राज्याचा चेहरा त्यास आपल्यासारखा दिसला असेल, तर त्यास दोष कसा द्यावा?

१९३० च्या मे महिन्याच्या आरंभीं भूकंप झाला. सेक्रेटरिएटचा मधला घुमट त्यापायीं गेला तो पुन्हां उभा राहिला नाहीं. त्याच महिन्याच्या अखेरीस गोदीवरील मजुरीवरून हिंदी व ब्रह्मी लोकांत भयंकर दंगल झाली, आणि कित्येक गरीब हिंदी हमाल प्राणांस मुकले. ज्यांनीं राज्य चालविलें ते तिला बळी पडले नाहींत, हें सांगावयास नकोच.

१९३८ च्या डिसेंबरांत विद्यार्थ्यांनीं या इमारतीस वेढा दिला. तेव्हां मंत्रिमंडळ ब्रह्मी होतें, पण लाठी जुनीच. आंग चॉ नांवाचा विद्यार्थी तींत जखमी होऊन मरण पावला. आवाराच्या एका बाजूचा रस्ता पूर्वी स्पार्क्स या इंग्रजाच्या नांवाचा होता, तो पुढें या मुलाच्या नांवाचा झाला.

त्यानंतर १९ जुलै १९४७. सकाळीं मंत्र्यांची बैठक चालू असतां लष्करी वेषांतील बंदूकवाले आंत घुसले. बत्तीस वर्षांचे आंग सान व त्यांचे सहा सहकारी यांसह नऊ जण गेले. कट रचणारा ऊ सॉ हा माजी मुख्यमंत्री पुढल्या वर्षीं फांसावर चढला. खुनानंतर सहा महिने भरण्यापूर्वींच, ४ जानेवारी १९४८ रोजीं, देश स्वतंत्र झाला. १९६२ सालीं सेनापतींनीं सत्ता घेतली. सामान्य माणसास या आवाराचे दरवाजे कित्येक वर्षें बंदच राहिले. १९६४ नंतर लाखों हिंदी लोकांस तो देश सोडावा लागला, आणि २००५ सालीं राजधानीच नेप्यिडॉस गेली.

आम्ही ती बैठकीची खोली पाहिली. एवढ्या अवाढव्य इमारतींत ती अगदीं साधी वाटते. जेथें मंत्री बसले होते तेथें पुढें बुद्धाचें देवघर केलें गेलें. मृतांच्या नांवांत शिक्षणमंत्री अब्दुल रझाक यांचें नांव आहे. मंडालेचे हे शाळामास्तर. आई ब्रह्मी, वडील तामिळ मुसलमान. त्यांचा अंगरक्षक को ठ्वे हाही त्याच सकाळीं मेला.