डॉक्टरांचे हजेरीपुस्तक

मंडळी, एखादा संशोधक मोठा की लहान, हे ठरवायचे कशावरून? हल्ली दोन आकडे विचारले जातात. त्याने निबंध किती छापले, आणि इतरांनी आपल्या लेखनात त्याचा दाखला किती वेळा दिला. दाखल्यांची ही मोजदाद अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांच्या सूचीमुळे 1964 पासून सोपी झाली. हे आकडे निरुपयोगी आहेत, असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्यामागे काय असते, ते पाहण्यासाठी इंग्लंडच्या रिचर्ड डॉल यांचे उदाहरण घेऊ. कर्करोग आणि हृद्रोग, दोन्हींच्या अभ्यासकांना त्यांचा दाखला आजही द्यावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावणारे फार वाढले होते. कारण काय असावे? डॉल यांचा संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता. सिगारेट तर ते स्वतःही ओढत. त्यांनी व संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयांतून चौकशी केली आणि 1950 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध छापला. फुप्फुसाचा कर्करोग झालेले 649 पुरुष, आणि दुसऱ्या आजारांचेही तितकेच. पहिल्या गटात धूम्रपान न करणारे निघाले अवघे 2, दुसऱ्यात 27. ही चौकशी चालू असतानाच डॉल यांनी सिगारेट सोडली.

एवढ्याने वाद मिटला नाही. आजारी पडल्यावर माणूस आपल्या सवयी नीट आठवून सांगेलच, याचा काय भरवसा? म्हणून दोघांनी उलट वाट धरली. आधी निरोगी माणसांच्या सवयी लिहून घ्यायच्या, मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. माणसे कोणती निवडली? चक्क डॉक्टर! 1951 साली ब्रिटनमधील डॉक्टरांना एक छोटी प्रश्नपत्रिका टपालाने गेली आणि 40 हजारांहून अधिक उत्तरे आली. शाळेत मास्तर हजेरी मांडतात ना, तशी ही हजेरी. कोण हयात आहे, कोण गेला, कशाने गेला.

1954 साली पहिला वृत्तांत निघाला. पस्तिशीच्या पुढच्या पुरुषांत 789 मृत्यू झाले होते. त्यांतले 36 फुप्फुसाच्या कर्करोगाचे, आणि या 36 जणांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन मरणारेही, तंबाखूचे प्रमाण वाढावे तसे वाढताना दिसले. इथे जरा थांबून विचार करा. धूम्रपानाने कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो, हृद्रोगाचा त्या मानाने कमी पटीने. पण हृद्रोग मुळातच पुष्कळांना होतो, त्यामुळे थोडी वाढसुद्धा फार माणसे नेते.

पुढे आर. ए. फिशर यांच्यासारख्या थोर संख्याशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ओढण्याची ओढ आणि रोग, दोन्ही जन्मजात प्रकृतीतून येत असतील, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप तर्काला धरून होता. त्याला उत्तर मिळाले ते चालू राहिलेल्या हजेरीतून. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांचा धोका उतरू लागला. माणसाची जन्मजात प्रकृती काही मध्येच बदलत नाही!

आपल्याकडचा प्रश्न थोडा निराळा होता, कारण इथे तंबाखू ओढतात तशी चघळतातही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या कामातून संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी याचा अभ्यास केला. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागाच्या कर्करोगाशी संबंध दाखवणारा त्यांचा निबंध त्याच नियतकालिकात 1955 साली आला. चुना लावून तंबाखूची चिमूट दाढेत धरणाऱ्या आपल्या माणसांची ती कहाणी होती.

डॉल यांच्या हजेरीचा 50 वर्षांचा वृत्तांत 26 जून 2004 रोजी छापून आला, पहिल्या वृत्तांतानंतर बरोबर 50 वर्षांनी. हिल तेव्हा हयात नव्हते. डॉल 91 वर्षांचे होते, आणि पुढच्याच वर्षी तेही गेले. सिगारेट ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरी 10 वर्षांनी घटते, असे त्यात दिसले. तिशीत सोडली तर ती 10 वर्षे जवळजवळ सगळी वाचतात, चाळिशीत 9, पन्नाशीत 6, साठीत 3.

गुरुजी, हे चार आकडे वर्गाच्या फळ्यावर जरूर लिहा. मुले ते घरी जाऊन वडिलांना सांगतील, आजोबांनाही सांगतील. साठीतसुद्धा 3 वर्षे हाती लागतात.