मऊ की टिकाऊ? गळाच्या आमिषाची नऊशे वर्षं

लासूर स्टेशनात हल्ली गळ टाकणाऱ्या पोरांच्या हातात बांबूची काठी कमी आणि रीलवाली काठी जास्त दिसते. काठी फोनवरून मागवलेली असते, आणि तिच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो. तो मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो: "काका, ही रबरी गांडुळं कोणती घ्यायची? स्वस्तपण पाहिजेत आणि टिकलीपण पाहिजेत."

प्रश्न साधा वाटतो. पण मासा ज्या गुणासाठी आमिष तोंडात धरतो, त्याच गुणामुळे ते आमिष फाटतं. तो गुण म्हणजे मऊपणा. कडक वस्तू तोंडात आली की मासा ती थुंकतो. मऊ असली की क्षणभर जास्त धरून ठेवतो, आणि गळ टोचायला तेवढा क्षण पुरतो. म्हणून गळाच्या आमिषाचा सगळा इतिहास म्हणजे मऊपणा आणि टिकाऊपणा यांची ओढाताण आहे. ती समजली की पाकीट निवडणं सोपं जातं.

गांडूळ आणि कणकेची गोळी

आधी आपलं गाव. लासूर हे जुनं गाव शिवना नदीच्या काठचं, दाक्षायणी देवीचं. १९०० च्या आसपास निजामाच्या राज्यात गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाडहून हैदराबादकडे रूळ टाकले, त्या रुळांवर एक स्टेशन झालं, आणि स्टेशनाभोवती बाजार वाढत वाढत वेगळं गावच उभं राहिलं. शिवना कन्नडकडच्या डोंगरातून येते आणि पुढे गोदावरीला मिळते. आमच्याकडच्या पोरांची गळाची शाळा तिच्या डोहांत.

त्या शाळेतलं पहिलं आमिष गांडूळ. उकिरड्याजवळची ओली माती उकरली की फुकट मिळतं. मऊ, वळवळणारं, वासाचं. दुसरं आमिष कणकेची गोळी. तीही जवळजवळ फुकट. दोन्हींची अडचण एकच: बारके मासे टोचून टोचून खातात आणि गळ रिकामा वर येतो. म्हणून कणीक घट्ट मळायची, कोणी तिच्यात कापसाचे तंतू घालायचं. जास्त घट्ट झाली तर मासा तोंड लावत नाही, सैल झाली तर पाण्यात विरघळते. पाकिटावर जाहिरात नसली तरी ओढाताण हीच होती.

मरळीसाठी वेगळा खेळ. मरळ मांसखाऊ, तिला हलणारं भक्ष्य लागतं. त्यामुळे जिवंत बेडूक लावायची पद्धत पडली. बेडूक कणकेपेक्षा टिकतो, पण त्याची किंमत बेडूक मोजतो. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात इतकी वाढली होती की १९८७ मध्ये ती बंद करावी लागली. शेतातली कीड खाणारा हा प्राणी फुकटचा नाही, हे तेव्हा सरकारी कागदावरही आलं.

राजाचा गळ

गळाला काय लावावं यावर नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने लिहून ठेवलंय, आणि तो राजा आपल्या भागावर राज्य करणारा होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण. त्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ ११३० च्या आसपासचा. राज्यकारभार, स्वयंपाक, हत्ती, संगीत, खेळ, सगळं त्यात आहे. मराठीच्या अभ्यासकांना तो आणखी एका कारणाने माहीत असतो: त्यातल्या गाण्यांच्या भागात जुन्या मराठीतल्या ओळी सापडतात.

याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. राजाने मासेमारीला करमणुकीच्या खेळांत बसवलं. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कोण काय खातं, दोर कसा हवा, हे तो सांगतो. पीठ खाणाऱ्या माशांसाठी तीळ, हरभरा, भात यांचे गोळे आणि मांस खाणाऱ्यांसाठी मांस, असा त्याचा विभाग आहे. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर इंग्रजीत लेख लिहिला, तेव्हा ते जगभरच्या गळवाल्यांच्या नजरेत आलं.

मला त्यातली एक गोष्ट आजही कामाची वाटते. राजा आधी मासा पाहतो, मग आमिष ठरवतो. आपण फोनवर उलटं करतो: आधी पाकीट पाहतो.

जाता जाता शब्दाबद्दल. संस्कृतात 'आमिष' म्हणजे मांस, म्हणून 'निरामिष' म्हणजे शाकाहारी. मराठीत तोच शब्द लालूच या अर्थाने रुळला. आपण 'आमिष दाखवलं' म्हणतो तेव्हा बोलण्यात गळ असतोच.

रबराच्या शहरातलं गांडूळ

आता आपल्याला शिवनेवरून थेट अमेरिकेत जायचंय, ओहायो राज्यातल्या ॲक्रॉन शहरात. हे टायरच्या कारखान्यांचं शहर. १९२६ मध्ये तिथल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन नावाचा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवायचं काहीतरी शोधत होता. चिकटपट्टी सापडली नाही, पण पीव्हीसी हे कडक, ठिसूळ प्लास्टिक विशिष्ट द्रवात तापवलं की मऊ आणि लवचीक होतं, हे त्याला सापडलं. आपल्या घरातला रेक्झिनचा सोफा, वायरीवरचं आवरण, रेनकोट, सगळे त्या शोधाचे नातेवाईक.

त्याच ॲक्रॉनमध्ये निक क्रीम नावाचा यंत्र कारागीर राहायचा. त्याला बास मासे धरायचा नाद होता. बास म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांतला, मोठ्या जबड्याचा शिकारी मासा. आमिष म्हणून जिवंत गांडुळं लागत, ती मरत, वाळत, संपत. १९४९ मध्ये क्रीम आणि त्याच्या बायकोने घरातल्या स्वयंपाकाच्या शेगडीवर मऊ प्लास्टिक वितळवलं आणि खऱ्या गांडुळाच्या साच्यात ओतलं. दोन वर्षांनी ते टपालाने विकायला लागले, एका डॉलरला पाच. आज ज्या काड्यांची पाकिटं तुमच्या फोनवर दिसतात, त्यांची आजी ती.

खप वाढायला आणखी एक कारण घडलं. १९६७ मध्ये रे स्कॉट या माणसाने आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली. स्पर्धांमागून स्पर्धा आल्या, बक्षिसं आली. छंदाचा धंदा झाला, आणि आमिष ही विकत घ्यायची वस्तू झाली.

मिठाची काडी

क्रीमचं गांडूळ गांडुळासारखं दिसायचं. १९९० च्या दशकात गॅरी यामामोतो यांनी 'सेंको' नावाचं जे आमिष आणलं, ते कशासारखंच दिसत नव्हतं. सरळ, जाड, दोन्ही टोकांना निमुळती काडी. शेपूट नाही, पाय नाहीत. पेटीतलं सगळ्यात कंटाळवाणं आमिष. पण पाण्यात सोडलं की आडवं राहून हळूहळू खाली जायचं आणि दोन्ही टोकं थरथरायची. काठी हलवायचीही गरज नाही.

गुपित मिठात होतं. प्लास्टिकच्या द्रवात भरपूर मीठ मिसळलं की काडी जड होते, म्हणून शिसं न लावता बुडते.  पण मिठाचा प्रत्येक कण म्हणजे प्लास्टिकमधली एक फट. जितकं मीठ जास्त, तितकी काडी लवकर तुटते. एक-दोन मासे लागले की संपली.

मग उलट्या टोकाचा माल आला. थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं वेगळं प्लास्टिक. अमेरिकेतल्या झी-मॅन कंपनीचं 'इलाझटेक' हे त्यातलं गाजलेलं नाव. काडी कितीतरी पट ताणली तरी तुटत नाही. पण ती तरंगते, त्यामुळे सेंकोसारखी आपोआप बुडत नाही, वजन लावावं लागतं. आणि साध्या पीव्हीसीच्या काड्यांसोबत एका डबीत ठेवली तर दोन्ही एकमेकांना चिकटून वितळतात. दोन जाती वेगळ्या ठेवायच्या, हे पाठच करून टाका.

शिवनेत बास नाही

आता सोमेश्वराचा नियम: आधी मासा. शिवना-गोदावरीत बास नाही. रबरी आमिषावर धावणारा आपला मासा म्हणजे मरळ. ती हवेतला श्वास घ्यायला वर येते, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरते, आणि तिला दात असतात. बासच्या तोंडात खरखरीत, बारीक दातांची पट्टी असते. मरळ मात्र काडी कापते. अमेरिकेतल्या तळ्यासाठी बनवलेली मिठाची काडी आपल्या डोहात म्हणूनच कमी टिकते.

माझं सांगणं असं. दर पाकिटाचा नको, दर झडपेचा काढा. समजा एका पाकिटात १० काड्या ३०० रुपयांना आहेत. एक काडी ३० रुपयांची, दोन झडपांत तुटली, तर झडप १५ रुपयांना पडली. दुसऱ्या पाकिटात ६ काड्या ६०० रुपयांना. एक काडी १०० रुपयांची, पण २० झडपा टिकली, तर झडप ५ रुपयांना. महाग पाकीट स्वस्त निघालं.

स्वस्त काडीचं आयुष्यही वाढवता येतं. मोकळ्या पाण्यात काडी मधोमध टोचून सोडायची पद्धत आहे, तिला 'वॅकी' म्हणतात. त्यात गळाचं भोक मोठं होऊन काडी गळून पडते. सायकलच्या दुकानातून वॉल्व्ह ट्यूब घ्या, तिचं बारीक कडं कापा, काडीच्या मध्यावर चढवा आणि गळ कड्याखालून ओवा. ओढ कड्यावर येते, काडी वाचते. दातांपुढे मात्र कडं काही करत नाही. वनस्पतींत मरळीसाठी बाकदार गळ घ्या, त्याचं टोक काडीच्या अंगात लपवा, आणि काडी कमी मिठाची किंवा ताणणारी निवडा. डोक्याकडून फाटली तर इंचभर कापून पुन्हा लावा. आखूड काडीवरही मरळ येते.

पावसाळ्यात मरळ पिल्लांच्या थव्याखाली राखण करत असते. तेव्हा ती कोणत्याही आमिषावर चिडून धावते. तिथे गळ टाकू नका. आई उचलली की उरलेले मासे पिल्लं संपवतात, आणि पुढच्या वर्षीचा तुमचाच डोह रिकामा होतो. नाथसागराच्या बाजूला जाणार असाल तर तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि जलाशयांतले मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात. आधी विचारा, मग काठी उघडा.

टिकतं ते कुठे टिकतं?

एक हिशेब अजून राहिला. कणकेची गोळी गळावरून पडली की कोणीतरी मासा खातो. गांडूळ पडलं तर तेच. पीव्हीसीची काडी पडली तर ती तळाशी पडून राहते, पाणी शोषून फुगते, आणि एखादा मासा ती गिळतो. तिच्यात पोषण काही नाही, आणि ती पोटात पचतही नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१३ मध्ये रबरी आमिषांवर बंदी घालायचं विधेयक आलं होतं. बंदी झाली नाही, पण प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला.

आपल्याकडे तो प्रश्न जास्त उघडा आहे, कारण शिवना उन्हाळ्यात आटते. पाणी भरलेल्या अमेरिकन तलावाच्या तळाशी काय पडलंय ते कोणाला दिसत नाही. आपल्या नदीचा तळ दरवर्षी वर येतो. पाणी मोजक्या डोहांत उरतं, त्या भागातली सगळी मरळ तिथेच गोळा होते, आणि पावसाळाभर सुटलेल्या काड्याही तिथेच.

म्हणून तुटणाऱ्या स्वस्त काड्यांपेक्षा ताणणारी एक काडी मला नदीसाठीही बरी वाटते: ती गळावर राहते, तळाला कमी जाते. पण ती सुटली तर जास्त वर्षं पडून राहील, हेही खरं. यावर उपाय कंपनीकडे नाही, खिशात आहे. प्लास्टिकची रिकामी बाटली सोबत ठेवा, फाटलेला प्रत्येक तुकडा तिच्यात टाका. बाटली भरली की पीव्हीसीचे तुकडे वितळवून नवी काडी ओतता येते. मात्र धूर विषारी असतो, घरात नाही, उघड्यावर, लहान पोरांपासून लांब. ते जमणार नसेल तर बाटली कचरागाडीत द्या.

आणि ज्या दिवशी पाकीट संपलेलं असेल, खिशात पैसे नसतील, त्या दिवशी घट्ट मळलेली कणीक घेऊन या. मरळ येणार नाही. पण पीठ खाणारे मासे येतील, सोमेश्वराच्या काळात यायचे तसेच.