पार्श्वभूमी धूसर कशी झाली?

एका शाळेच्या स्मरणिकेसाठी मुख्याध्यापकांचे छायाचित्र हवे होते. ते आम्ही शाळेच्या मैदानातच, फोनच्या कॅमेऱ्याने काढले. सर आमच्यापासून ४ मीटरवर उभे होते आणि शाळेचा ध्वजस्तंभ २० मीटरवर. संगणकावर पाहिले तर स्तंभ थेट सरांच्या डोक्यातून उगवलेला! ‘गिंप’ ही चित्रसंपादनाची मोफत संगणकप्रणाली हाताशी होती. ती वापरण्याचा अनुभव मात्र शून्य. सरांच्या आकृतीभोवती माउसने रेघ ओढून ती निवडली, मग निवड उलटी केली आणि उरलेल्या सगळ्या चित्रावर ‘गाऊसियन ब्लर’ चालवला. स्तंभ विरघळला खरा, पण सर पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखे दिसू लागले. पायाखालची जमीन मागच्या इमारतीइतकीच धूसर झाल्याने ते अधांतरी तरंगत होते आणि पांढऱ्या शर्टाभोवती प्रभावळ उमटली होती.

भिंगामुळे येणारी धूसरता आणि आम्ही फासलेली धूसरता यांत फरक कोठे आहे, हे शोधताना आम्हाला छायाचित्रणाच्या आरंभापर्यंत मागे जावे लागले.

दागेरची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यातील भिंगाचे छिद्र नाभीय अंतराच्या सुमारे १/१५ एवढेच होते. प्रकाश इतका कमी मिळे की माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये गणिताने नवे भिंग रचले. आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातील हिशेबात तरबेज सैनिक मिळाले होते, असे सांगतात. या भिंगाचे छिद्र नाभीय अंतराच्या १/३.६ होते, म्हणजे प्रकाश सोळा-सतरा पट. माणसांची चित्रे काढणे आता व्यवहार्य झाले. मात्र चेहरा रेखीव आणि मागचे सारे पुसट, असे होऊ लागले. हे कोणी मागितले नव्हते. मोठ्या छिद्राची ती किंमत होती.

ही किंमत किती, हे नववी-दहावीचा विद्यार्थीही काढू शकेल. मागील एखाद्या बिंदूपासून निघून भिंगाच्या संपूर्ण छिद्रात शिरणारे किरण डोळ्यांपुढे आणा. त्यांचा शंकू होतो. शंकूचे टोक त्या बिंदूशी, तळ भिंगाशी. आपण ज्या अंतरावर कॅमेरा जुळवला आहे, म्हणजे जेथे सर उभे आहेत, तेथे या शंकूला एका उभ्या प्रतलाने छेद द्या. छेदाचे वर्तुळ जेवढे, तेवढ्याच मापाची चकती होऊन तो बिंदू सरांच्या शेजारी उमटतो. सर भिंगापासून स अंतरावर, बिंदू द अंतरावर आणि छिद्राचा व्यास छ असेल, तर समरूप त्रिकोणांवरून चकतीचा व्यास छ × (द − स) ÷ द. भिंगाचे सूत्र लागतच नाही! वर्गात दोन मुलांनी वर्तुळाकार कडे धरावे, तिसऱ्याने कड्याला बांधलेल्या दोऱ्यांची टोके एकत्र करून मागे उभे राहावे, शंकू तयार.

आता आमचे उदाहरण. स ४ मीटर, द २० मीटर. म्हणून चकती छिद्राच्या ०.८ पट. ५० मिमी नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र २५ मिमी ठेवले, तर चकती २० मिमीची. ८ सेमी जाडीचा स्तंभ पाचपट दूर असल्याने सरांच्या शेजारी १६ मिमी जाड दिसतो. १६ मिमीच्या वस्तूवर २० मिमीच्या चकत्या, म्हणजे स्तंभ ओळखू येणे कठीण. फोनच्या भिंगाचे छिद्र मात्र २ मिमी धरले तर चकती १.६ मिमीची. म्हणूनच तो स्तंभ एवढा ठसठशीत आला.

सरांच्या पायाशी द आणि स सारखेच, धूसरता शून्य. ५ मीटरवरील जमिनीत ती छिद्राच्या ०.२ पट, ८ मीटरवर ०.५ पट, २० मीटरवर ०.८ पट. ती आधी झपाट्याने वाढते, मग सावकाश. अनंत अंतरावरही ती छिद्राच्या व्यासापलीकडे जात नाही. थोडक्यात, धूसरतेत अंतर नोंदलेले असते, आणि आम्ही सगळ्या अंतरांना एकच माप लावले होते.

हा दोष आहे की गुण, यावर एकोणिसाव्या शतकात बरेच वाद झाले. कलकत्त्यात १८१५ मध्ये जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना ४८व्या वर्षी लेकीजावयाने कॅमेरा भेट दिला. भिंग फिरवताना चित्र सुंदर वाटले की त्या तेथेच थांबत. आणखी रेखीव करण्याच्या फंदात पडत नसत. जॉन हर्शेल, चार्ल्स डार्विन यांची त्यांनी काढलेली चित्रे आज संग्रहालयांत आहेत, पण तेव्हाच्या छायाचित्रण-नियतकालिकांनी त्यांना तंत्र येत नाही असे ठरवले होते. पुढे पीटर हेन्री इमर्सन या डॉक्टरी शिकलेल्या छायाचित्रकाराने १८८९ मधील आपल्या पुस्तकात हेल्महोल्ट्झच्या दृष्टिविषयक संशोधनाचा आधार घेतला: डोळा एका वेळी एकच भाग स्पष्ट पाहतो, तेव्हा चित्रातही मुख्य विषय रेखीव आणि बाकीचे किंचित मवाळ असावे. थोड्याच काळात त्यांनी काळ्या चौकटीची पुस्तिका काढून आपली भूमिका मागे घेतली. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये प्रकाश आणि काळेपणा यांचे मोजलेले नाते हे त्यामागचे एक कारण होते. आमच्या मते त्यांचा मूळ युक्तिवादही लंगडा होता. दृष्टीच्या कडेला दिसणारी अस्पष्टता मुख्यतः दृष्टिपटलाच्या रचनेमुळे येते, वस्तूच्या अंतरामुळे नव्हे.

१९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदींनी नेमका उलटा पवित्रा घेतला. त्यांच्या गटाचे नावच ‘एफ ६४’, म्हणजे छिद्र नाभीय अंतराच्या १/६४. ३०० मिमीच्या भिंगाला हे छिद्र ५ मिमीहूनही लहान पडते. पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही रेखीव! अवाढव्य कॅमेरा घेऊन ही मंडळी आजच्या फोनच्या मापाच्या छिद्रातून पाहत होती, असे गमतीने म्हणता येईल.

संगणकाकडे हा प्रश्न उलट्या बाजूने आला. संगणकाने रेखाटलेले चित्र सर्वत्र सारखेच रेखीव असे. मायकेल पोटमेसिल आणि इंद्रनील चक्रवर्ती यांनी १९८१ मध्ये भिंग आणि छिद्र यांचे गणित त्यात घालून दाखवले. त्यांना ते जमले, कारण रेखाटलेल्या दृश्यातील प्रत्येक बिंदूचे अंतर संगणकाला ठाऊक होते. छायाचित्रात ते नसते. ‘फोटोशॉप’ १९९० मध्ये बाजारात आले, पण अशा प्रणालीतील गाऊसियन ब्लर फक्त शेजारच्या बिंदूंची भारित सरासरी काढतो. आमची प्रभावळ त्यातूनच आली: सरांचा पांढरा शर्ट शेजारच्या पार्श्वभूमीत मिसळला गेला. खरे भिंग असे करत नाही. उलट छिद्राच्या कडेकडून त्याला सरांच्या कानामागचेही थोडे दिसते, जे फोनच्या चित्रात नोंदलेलेच नाही.

मग अंतर आणायचे कोठून? २०१६ च्या ‘आयफोन ७ प्लस’ने दोन कॅमेऱ्यांच्या प्रतिमांतील सरक मोजली, आपण दोन डोळ्यांनी अंतर जोखतो तशी. २०१७ च्या ‘पिक्सेल २’ने मागच्या बाजूच्या एकाच कॅमेऱ्यात भिंगाच्या दोन अर्ध्या भागांतून आलेल्या प्रतिमा वेगळ्या नोंदवल्या. या दोन ‘डोळ्यां’मधले अंतर जेमतेम एक मिलिमीटर. धूसरता निर्माण करायला अपुरे ठरलेले ते छिद्र अंतर मोजायला पुरले, ही आम्हाला या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. माणूस कोठे संपतो आणि मागचे कोठे सुरू होते, हे ओळखण्यासाठी मात्र लाखो चित्रांवर शिकवलेल्या प्रणालीची जोड द्यावी लागली.

आम्ही पुन्हा बसलो. चित्राच्या दोन प्रती एकावर एक ठेवल्या. खालच्या प्रतीतून सरांना पुसून ती जागा आजूबाजूचे गवत आणि भिंत यांनी भरली, आणि मगच ती प्रत धूसर केली. जमिनीवर पायाशी शून्यापासून वरील प्रमाणात वाढत जाणारा मुखवटा चढवला. वरच्या प्रतीत फक्त सर ठेवले. या खेपेला सरांचे पाय जमिनीवर टेकले, प्रभावळ गेली आणि स्तंभाच्या जागी फिकट पट्टा उरला.

चित्र पाहून सर म्हणाले, “छान आहे, पण झेंड्याचा खांब कुठे गेला?” माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो त्याच वर्षी उभारला होता, आणि सर मुद्दाम त्याच्यापुढे उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन पावले डावीकडे सरकून, काहीही धूसर न करता नवे चित्र काढले. स्मरणिकेत ते छापले आहे.