मस्ट, शुड, हॅव टू : इंग्रजीतील सक्ती आणि गरज

सटाणा हे नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याचे मुख्यालय. हा भाग ‘अर्ली’, म्हणजे हंगामाआधी येणाऱ्या द्राक्षांसाठी ओळखला जातो. युरोपात माल पाठवायचा तर खरेदीदार बहुधा ‘ग्लोबल गॅप’ प्रमाणपत्र मागतात. त्याच्या मूळ इंग्रजी नियमावलीत अटींचे तीन स्तर आहेत : ‘मेजर मस्ट’, ‘मायनर मस्ट’ आणि ‘रेकमेंडेशन’. बागेला लागू असलेल्या मेजर मस्टची पूर्तता १०० टक्के, तर मायनर मस्टची ९५ टक्के लागते. रेकमेंडेशन म्हणजे केवळ शिफारस. अशा कागदावर सक्ती कुठली आणि सल्ला कुठला, हे इंग्रजी सहायक क्रियापदांवरून ओळखावे लागते.

कोणत्या शब्दात किती जोर?

• मस्ट : केलेच पाहिजे. ‘यू मस्ट कीप अ रेकॉर्ड’ म्हणजे नोंद ठेवलीच पाहिजे.
• हॅव टू : करावे लागते. नियम किंवा परिस्थिती भाग पाडते.
• शुड : करायला हवे, केलेले बरे. हा सल्ला असतो.
• नीड टू : करण्याची गरज आहे.
• शॅल : कायदे व करारांत बंधनकारक. राज्यघटनेच्या कलम २१-अ मध्ये ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची राज्याची जबाबदारी याच शब्दाने सांगितली आहे.

मराठीतील ‘पाहिजे’ मस्ट आणि शुड या दोन्हींचे काम करतो. त्यामुळे भाषांतरात सक्तीचा सल्ला होऊ शकतो. ‘केलेच पाहिजे’मधला ‘च’ हा फरक राखतो.

नकारात खरी गफलत

होकारात मस्ट आणि हॅव टू जवळचे वाटतात, पण नकारात त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘यू मस्ट नॉट स्प्रे’ म्हणजे फवारता कामा नये. ‘यू डोन्ट हॅव टू स्प्रे’ म्हणजे फवारण्याची गरज नाही. फवारले तरी नियम मोडत नाही. ‘फवारायला नको’ म्हटले, तर दोन्ही अर्थ निघू शकतात. म्हणून मनाईसाठी ‘कामा नये’ आणि मोकळीक सांगण्यासाठी ‘गरज नाही’ वापरावे.

काढणीच्या तोंडावर ही चूक महागात पडू शकते, कारण फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर ठेवावे लागते. ते न पाळल्यास औषधाचा अंश मर्यादेबाहेर राहण्याचा धोका असतो. अंशांचा प्रश्न किती गंभीर ठरतो, हे २०१० मध्ये दिसले : क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांना युरोपात मोठा फटका बसला होता.

भूतकाळात

सक्तीच्या अर्थाने मस्टचा भूतकाळ ‘हॅड टू’ होतो : ‘आय हॅड टू वेट’, म्हणजे थांबावे लागले. ‘मस्ट हॅव’ने मात्र अंदाज सांगितला जातो : ‘ही मस्ट हॅव वेटेड’, म्हणजे तो थांबला असणार.