भाडेनियंत्रण आणि पर्यटकांची घरे : बार्सिलोनात काय घडले?

भाड्यावर मर्यादा घातली की मालक घरे पर्यटकांना देऊ लागतात, असा आक्षेप भाडेनियंत्रणावर नेहमी घेतला जातो. तो निराधार नाही. महिन्याचे भाडे बांधून टाकले आणि तेच घर रात्रीच्या हिशेबाने एअरबीएनबीवर द्यायची मोकळीक ठेवली, तर मालक कुठे वळेल हे उघड आहे. पण ही मोकळीक द्यायची की नाही, हेही कायदाच ठरवतो.

स्पेनच्या मे 2023 च्या गृहनिर्माण कायद्याच्या आधारे कॅटलोनिया प्रांताने 16 मार्च 2024 पासून बार्सिलोनासह 140 गावा-शहरांत नव्या करारांचे भाडे मर्यादित केले. जुन्या कराराचे भाडे हाच साधारणपणे नव्या भाड्याचा आधार. मोठ्या मालकांना सरकारी निर्देशांकाचेही बंधन.

पर्यटकांचे दार मात्र तिथे आधीच अरुंद झाले होते. 31 दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी घर द्यायला परवाना लागतो, आणि परवान्यांची संख्या वाढू द्यायची नाही हे महापालिकेने 2017 च्या आराखड्यातच ठरवले होते. म्हणून मालकांनी तिसरी वाट धरली, ती 'हंगामी' कराराची. शिक्षण किंवा कामासाठी तात्पुरते आलेल्यांना साधारण 11 महिन्यांपर्यंत घर द्यायचे. त्याला भाडेमर्यादा लागू नव्हती. कायम राहणाऱ्यांचे करार घटले, हंगामी वाढले. घरे कमी पडली की मालक भाडेकरू निवडू लागतो. त्या निवडीत आपल्याकडे आधी आडनाव विचारले जाते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मुंबईला ही पळवाट जुनी आहे. 1947 च्या बॉम्बे रेंट ॲक्टने भाडेकरूला संरक्षण दिले, तेव्हा मालक 'लीव्ह अँड लायसन्स'कडे वळले. अखेर 1973 च्या दुरुस्तीने, 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांचे लायसन्स चालू होते आणि घर ताब्यात होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा दिला.

बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून 2024 मध्ये जाहीर केले, की शहरातल्या 10,101 पर्यटक-घरांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. ज्या प्रांतिक कायद्यावर हा निर्णय उभा आहे, तो स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च 2025 मध्ये वैध ठरवला. ही घरे शहरवासीयांना मिळावीत, असा महापालिकेचा हेतू आहे. माझ्या मते, हंगामी करारांवर तेवढेच कडक बंधन राबवले नाही, तर त्यातली बरीच घरे तिकडे जातील.