शरणपूरची मुले आणि माणशी पाच पौंड

नाशकात शरणपूर नावाचा एक भाग आहे. शरण आलेल्यांचे पूर, ते शरणपूर. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने 1854 च्या सुमारास ही वसाहत वसविली आणि पुढे तेथे एक आगळीच शाळा भरू लागली. तिच्यातील मुले नाशिकची नव्हती, मुंबईचीही नव्हती. ती होती पूर्व आफ्रिकेतून पळवून आणलेली आणि भर समुद्रात आरमाराने सोडविलेली मुले. गोदाकाठी ती कशी येऊन पोहोचली, हे समजून घ्यायचे तर आधी लंडनच्या सरकारी खजिन्याची वही उघडावी लागते.

1807 साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरविला. परंतु कायदा कागदावर, आणि व्यापार दर्यावर! म्हणून 1808 साली पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पहाऱ्यासाठी दोन जहाजे धाडण्यात आली. तेथून या पथकाचा पसारा वाढतच गेला. साठ वर्षांत त्याने सुमारे 1,600 जहाजे पकडली आणि दीड लाखांच्या घरात माणसे मुक्त केली. तापाने व चकमकींत दीड हजारांवर खलाशी गेले. खर्च इतका वाढला की 1850 साली विल्यम हट या सभासदाने पार्लमेंटात हे काम बंद करावे असा आग्रह धरला. पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी आपले पद पणाला लावले, तेव्हा कोठे 232 विरुद्ध 154 मतांनी पथक वाचले.

खलाशांना या कामी हुरूप यावा म्हणून सरकारने बक्षिसाची रीत घातली. सोडविलेल्या माणसामागे ठरावीक रक्कम मिळे. 1824 साली ती माणशी 10 पौंड ठरली आणि 1830 साली 5 पौंडांवर आली. पुढे गलबत रिकामे सापडले, तर त्याच्या टनांच्या मापावरही बक्षीस मिळू लागले. येथेच खरी मेख होती. झांझिबारच्या बाजूला पकडलेले गलबत बंदरापर्यंत ओढून नेणे जिकिरीचे, म्हणून ते पुष्कळदा जागीच जाळून टाकीत. जाळण्यापूर्वी त्याचे माप घेणार कोण? ज्याला बक्षीस मिळायचे, तोच! साहजिकच निरुपद्रवी व्यापाऱ्यांचीही गलबते जाळल्याच्या तक्रारी आल्या. सरकार ज्या गोष्टीसाठी पैसा मोजते, ती गोष्ट भराभर घडू लागते. मग ती मूळ हेतूला धरून असो वा नसो.

पूर्वेकडच्या या मोहिमेत आपल्या देशाचाही पैसा होता. झांझिबारच्या वकिलातीचा खर्च लंडनने सोसावा की हिंदुस्थानच्या तिजोरीने, यावर वर्षानुवर्षे कागदी घोडे नाचले. तो दोघांनी सारखा वाटून घ्यावा, असे 1871 च्या पार्लमेंटरी समितीने सुचविले. म्हणजे ज्या रयतेला झांझिबार कोठे आहे हेही ठाऊक नव्हते, तिच्या साऱ्यातला काही भाग या कामी जावयाचा होता.

आता खजिन्याच्या वहीतला एक रिकामा रकाना पाहा. माणशी 5 पौंड मिळत ते सोडविणाऱ्याला. सुटलेल्याचा त्यात वाटा नसे. आणि सुटलेल्याने जावे कोठे? गाव जळालेले, आईबापांचा पत्ता नाही. किनाऱ्यावर परत सोडावे, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बेडी. मग कोणाला एडनला उतरवीत, कोणाला सेशेल्सला, कोणाला मुंबईला. त्यांतील काही मुले शरणपूरला आली. तेथे ती लिहायला शिकली, सुतारकी, लोहारकी शिकली.

त्या शिकण्याचे चीज कसे झाले, ते जगाने पाहिले. 1866 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन अखेरच्या प्रवासाला निघाला, तेव्हा त्याच्या तांड्यात या शाळेचे नऊ तरुण होते. पुढे 1872 साली याच शाळेचा जेकब वेनराइट त्याला जाऊन मिळाला. 1873 च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले. प्रार्थना वाचली ती वेनराइटने आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग सूसी, चूमा व इतर सोबत्यांनी ते प्रेत हजार मैलांवर वाहून किनाऱ्याला आणले. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा पेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होता. एके काळी गुलाम म्हणून विकला गेलेला, नाशिकच्या शाळेत अक्षरे गिरविलेला तरुण!

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर 1873 साली शिष्टाईसाठी झांझिबारला गेले आणि त्याच वर्षी 5 जून रोजी सुलतान बर्गशने सही केल्यावर तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. मोंबासाजवळ 1875 साली मुक्त झालेल्यांसाठी ‘फ्रिअरटाउन’ वसले. ते उभारण्यास गेले तेच शरणपूरचे प्राइस, आणि नाशिकला शिकलेले आफ्रिकी स्त्रीपुरुष त्या वस्तीचा कणा ठरले. शरण आलेल्यांनी आता इतरांना आसरा दिला.

माणसांचा व्यापार मात्र संपलेला नाही. त्याची रूपे तेवढी पालटली. आपल्या घटनेच्या 23 व्या कलमाने त्याला मनाई केली आहे. पोलिसांत मानवी तस्करीविरोधी पथके आहेत आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहावीत म्हणून केंद्र सरकारने निर्भया निधीतून राज्यांना पैसाही दिला. तो हवाच, पथकाला गाडी नसेल, माणसे नसतील, तर कायदा दारातच बसून राहतो. परंतु अशा प्रत्येक अंदाजपत्रकाला शरणपूरने एक प्रश्न विचारावा: छापे किती पडले आणि माणसे किती सुटली, हे तर लिहिलेत, सुटलेल्या मुलीच्या उद्याच्या जेवणाची, शाळेची आणि हाताला मिळणाऱ्या कामाची रक्कम कोणत्या रकान्यात मांडली आहे?

बेडी तोडायला एक घाव पुरतो. माणूस पुन्हा उभा करायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांचाही खर्च कोणीतरी उचलावाच लागतो.