इंजिनाला पहिला धक्का कोण देतो?

इंजिन तेलावर चालते, हे खेड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ते सुरू कशावर होते, असे विचारले तर मोठी माणसेही क्षणभर थांबतात. चालणे वेगळे आणि सुरू होणे वेगळे. विहिरीवरच्या इंजिनाच्या हँडलापासून आजच्या, खिशात मावणाऱ्या लिथियम बॅटरीपर्यंत माणसाने या सुरू होण्यासाठी काय काय केले, त्याची ही हकिकत आहे. ती नीट समजली तर हात वाचतो, गाडी वाचते आणि एखादे वेळी घरही वाचते.

आधी मूळ अडचण पाहू. वाफेच्या इंजिनात बॉयलरमधली वाफ दाबाखाली तयारच असते. झडप उघडली की दट्ट्या सरकतो. तेलाच्या इंजिनात तसे नाही. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याच तत्त्वावर आजही आपल्या बहुतेक गाड्या चालतात. त्यात दट्ट्या चार वेळा सरकतो. एकदा हवा आणि इंधन आत ओढतो, एकदा ते दाबतो, एकदा स्फोटाच्या जोराने खाली जातो आणि एकदा धूर बाहेर टाकतो. म्हणजे चार भावांत कमावता एकच, बाकीचे तिघे खाणारे! इंजिन फिरत असले की मागच्या कमाईवर पुढचा खर्च भागतो. पण अगदी पहिल्या वेळी घरात दमडी नसते. तेव्हा कोणी तरी बाहेरून उसने द्यावे लागते. तो उसना जोर म्हणजेच ‘स्टार्ट’.

पहिला सावकार माणसाचा हात होता. १८८६ साली कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीचे पेटंट नोंदले गेले. त्या गाडीचे मोठे जड चाक हाताने फिरवूनच इंजिन सुरू करावे लागे. पुढे हँडल आले. अमेरिकेत १९०८ साली निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी पुढे उभे राहून हँडल मारूनच चालू करीत. यात एक भय होते. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर येई. मनगटे मोडत, हात निखळत. म्हणून जाणते ड्रायव्हर अंगठा हँडलाभोवती गुंडाळीत नसत, बोटांच्याच बाजूला ठेवीत. म्हणजे झटका बसला तर हँडल हातातून सुटून जाई.

आपल्याकडे विहिरीवरचे ऑइल इंजिन घराघरांत ओळखीचे झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा राहिला. अशी इंजिने ज्यांनी चालू केली असतील त्यांना ती युक्ती ठाऊक आहेच. आधी दाब सोडायची छोटी दांडी वर करायची, म्हणजे हवा दाबली जात नाही आणि चाक हलके फिरते. मग हँडल मारून जड चाकाला चांगला वेग द्यायचा आणि दांडी खाली पाडायची. चाकात साठलेला वेग दट्ट्याला दाबाच्या पलीकडे ढकलतो आणि इंजिन ठोके देऊ लागते. यात ध्यानात घ्यायचे ते एवढेच, की जोर अर्धा मिनिट हळूहळू साठवला आणि एका क्षणात खर्चला.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून तेल आपोआप पेटते. म्हणून त्याला पहिला धक्काही दांडगा लागतो. जर्मनीच्या लांझ बुलडॉग ट्रॅक्टरमध्ये, १९२१ पासून, इंजिनाचा माथा ब्लोलँपने आधी तापवून घेत. इंग्लंडच्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरला तर बंदुकीसारखे काडतूस घालून सुरू करायची सोय होती! तऱ्हा निराळ्या, पण गरज एकच: क्षणभर टिकणारा मोठा जोर.

हा मुद्दा ज्याने अचूक हेरला तो माणूस चार्ल्स केटरिंग. ते आधी अमेरिकेत डेटन गावी गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात होते. तिथे त्यांनी गल्ल्याला छोटी विजेची मोटर बसवली होती. ती मोटर दिवसभर चालायची नव्हती. बटण दाबले की क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचे. पुढे कॅडिलॅक मोटारीसाठी सुरू करायचे यंत्र करण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी तोच विचार वापरला. इंजिन फिरवायला मोठी मोटर लागेल असे वाटते खरे. पण ती सतत चालवायची असेल तर. दोन-चार सेकंदच चालवायची असेल तर लहान मोटरीवरही तिच्या ताकदीबाहेरचे ओझे घालता येते, कारण तापायच्या आत तिचे काम संपते. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत हा विजेचा स्टार्टर आला आणि हँडलाचे भय हळूहळू ओसरले. मोटार हाकणे हे मग फक्त दणकट दंडाच्या माणसाचे काम राहिले नाही.

त्या मोटरीला वीज पुरवणारी शिशाची बॅटरी मात्र जुनीच होती. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून ती तयार केली. पुन्हा पुन्हा भरता येईल अशी ती पहिली बॅटरी. एका सेलचे सुमारे दोन व्होल्ट. सहा सेल जोडले की आपल्या गाडीची बारा व्होल्टची बॅटरी झाली. स्वस्त, दणकट, क्षणात भरपूर वीज देणारी. पण जड, आणि उतरलेली तशीच पडून राहिली तर पत्र्यांवर खडा धरतो आणि ती कायमची बसते. पेरणी-मळणीच्या ऐन वेळी ट्रॅक्टर मुका उभा राहतो तो बहुधा यामुळेच.

गुरुजींनी वर्गात फळ्यावर मांडावा असा एक हिशेब इथे करू. समजा, लहान इंजिनाचा स्टार्टर १२ व्होल्टवर १०० अँपिअर घेतो आणि तीन सेकंद चालतो. १२ गुणिले १०० म्हणजे १२०० वॅट. दीड अश्वशक्तीहून अधिक. त्याला तीनने गुणले की ३६०० ज्यूल, म्हणजे बरोबर एक वॅट-तास. एवढ्या विजेवर ९ वॅटचा दिवा सात मिनिटेही जळणार नाही! म्हणजे इंजिन सुरू करायला वीज फार लागत नाही, ती फार वेगाने लागते.

आता लिथियम. या हलक्या धातूची बॅटरी करण्याच्या कामात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात पाया घातला, १९८० साली जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टचे संयुग वापरून तिची ताकद वाढवली, आणि १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी ती वापरण्याजोगी सुरक्षित केली. १९९१ साली ती बाजारात आली, आणि २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे खेळातली छोटी विमाने उडवणाऱ्या हौशी लोकांना हलकी आणि झटक्यात पुष्कळ वीज देणारी बॅटरी हवी होती, म्हणून मऊ पिशवीतल्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या त्यांच्या हाती आल्या. अशी तीन सेलची, २२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी वजनाला दोनशे ग्रॅमच्या आसपास. तिच्यात सुमारे २४ वॅट-तास वीज असते. आपला हिशेब एका वॅट-तासाचा! विमान उडवते ती मोटारसायकलही का सुरू करणार नाही, असे कोणाच्या तरी मनात येणारच होते. आज बाजारात मिळणारे हातात मावणारे ‘जंप स्टार्टर’ त्याच जातीचे.

पण बंधूंनो, जी वस्तू झटक्यात जोर देते ती झटक्यात उलटतेही. हँडल मनगटावर येई. ही बॅटरी आगीवर येते. कारण साधे आहे. अशा एका सेलची मर्यादा ४.२ व्होल्टची, तीन सेलची १२.६ ची. इंजिन सुरू झाले की गाडीचे चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास जाते. हौशी बॅटरी तशीच जोडलेली राहिली तर प्रत्येक सेलवर ४.६ व्होल्टहून अधिक भार येतो. ती फुगते, आणि फुटून पेटूही शकते. १९९७ साली गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून लोह-फॉस्फेटची लिथियम बॅटरी पुढे आली. त्या निबंधावर त्यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. ही जात पुष्कळ शांत स्वभावाची, पण तिलाही भलते चार्जिंग सोसत नाहीच.

म्हणून नियम थोडके पण पक्के ठेवावेत. खेळण्यातली उघडी बॅटरी गाडीला जोडू नये. उलट जोडणी आणि उलटे चार्जिंग थांबवणारी सोय ज्यात आहे असा तयार जंप स्टार्टरच घ्यावा. व्होल्ट जुळतात का ते आधी पाहावे. लाल चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला, काळा चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर; कारण शिशाच्या बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने भडकतो. तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नये, मध्ये दम घ्यावा. इंजिन लागले की चिमटे लगेच काढावेत. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. चार्ज करताना ती फरशीवर ठेवावी, गवताच्या गंजीजवळ किंवा अंथरुणावर नव्हे. आणि माणूस जवळ असावा.

आणि गुरुजनहो, मुलांना विजेच्या धड्यात अँपिअर आणि वॅट-तास यांतला फरक शिकवताना हा स्टार्टरचा हिशेब जरूर द्या. साठा किती आणि वेग किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे जरी त्यांना उमगले तरी उद्या घरची बॅटरी जोडताना त्यांचा हात जाणता राहील.